विमलताईंची पोळी आणि सुनेचं रक्त

विमलताईंच्या घरी भाकर होत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे याचं विमलताईंना समाधान होतं. आर्णीहून आत शिरणाऱ्या रस्त्यावरचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी घरं पुष्कळ, त्यातली बरीचशी खाऊनपिऊन सुखी. पण दोन्ही वेळेला गव्हाची पोळी, तीही पदर सुटलेली, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल अशी, एवढ्या एकाच चुलीवर. पुढे गॅस आला, तरी लोक चूलच म्हणत.

विमलताई केळापूरकडच्या. माहेरी भावंडं भरपूर आणि गहू थोडा. सकाळी ज्वारीची भाकर, दुपारी ज्वारीच्या कण्या, रात्री पुन्हा भाकर. सोबत वावरातून तोडून आणलेला जो असेल तो पाला. गहू यायचा सणाला किंवा पाहुण्याला. पाहुणा जेवून उठला की पोरं टोपल्यात डोकावायची. विमलताईही डोकावल्या होत्या. त्याच वयात त्यांनी मनाशी पक्कं केलं, की आपण घरच्या धनीण झालो की टोपल्यात डोकावायचं काम कोणाला पडू द्यायचं नाही. माणसं लहानपणी पुष्कळ काही ठरवतात. विमलताईंनी ते केलं, एवढाच फरक.

त्यांचे यजमान नानाजी मुळात भाकरीचे. लग्नानंतर त्यांनी एकदोनदा ज्वारीची आठवण काढून पाहिली. "भाकर खायाची असन तं सालदाराकडे जाऊन खा," असं उत्तर मिळालं. नानाजी अधूनमधून जात.

घराचा दुसरा नियम उंबरठ्याचा. विमलताईंनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. मटण-मासळी सोडाच, अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत यायचं नाही. हा नियम मात्र त्यांनी कोणाला कधी समजावून सांगितला नाही. उंबरठा दिसत होता, तेवढं पुरे होतं.

अशा घरात बबिता सून म्हणून आली. बबिता दोनतीन गावं पलीकडच्या बंजारा तांड्यातली. विमलताईंचा मुलगा अक्षय आणि ती यवतमाळला एका कॉलेजात होते, आणि पुढचं सगळं तसंच झालं जसं होतं. तांड्यात थोडे दिवस बोलणं झालं, गावात थोडे जास्त. विमलताईंनी पोरगी पाहिली आणि म्हणाल्या, "हात चांगले आहेत. कामाचे हात आहेत." गावाला वाटलं होतं, रडारड होईल. गावाची जरा निराशाच झाली.

पण रात्रभर विचार करून विमलताईंनी एक गोष्ट मनात पक्की केली होती. तांड्यातून आलेली पोर. आयुष्यभर भाकरीच थापल्या असतील. तिला या घरात भाकर दिसताच कामा नये. नाहीतर मनात म्हणेल, माझ्यापुरती ज्वारी काढली. त्यामुळे बबिताच्या ताटात सगळ्यात मऊ पोळी, त्यावर तूप, शेजारी आलूची भाजी, वरण-भात, आणि हात धुवायच्या आत आल्याचा दुधाळ चहा.

तिकडे बबिताच्या आईने, बबिता जिला याडी म्हणे त्या मानीबाईने, पोरीला निघताना बजावलं होतं, "तिथं काही मागजो नको. वाढतीन ते खाय. नाही तं म्हणतीन, तांड्याच्या पोरीले पोळी पचत नाही."

बबिताने दीड वर्ष काही मागितलं नाही. दोन्ही घरं तिच्यावर खूश होती.

तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात आर्णीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा ते साडेआठ निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू आहेत ना. चालू होत्या. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी आणून दिलेली लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी विमलताई रोज स्वतः समोर उभ्या राहून देत. विसरायला नको म्हणून दोन्ही एकदम, जेवण झाल्याझाल्या, चहाबरोबर. याच पोरीने कॉलेजच्या शिबिरात रक्तदान केलं होतं, तेव्हा तिचं रक्त साडेबारा होतं. ही माहिती तिने आपण होऊन दिली नाही. डॉक्टरांनी विचारलं, म्हणून निघाली. विमलताईंनी ती ऐकली आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. ती त्यांच्याच घरात झाली होती.

मग गावाने उपाय सांगायला घेतले. एक म्हणाली खजूर. एक म्हणाली बीट, लाल आहे म्हणजे रक्तच. कोणी डाळिंब सांगितलं, कोणी गूळ-शेंगदाणे, कोणी लोखंडी कढई. विमलताईंनी सगळं आणलं. पोळी तशीच राहिली, आलू तसाच राहिला, चहा तसाच राहिला. त्यांच्या शेजारी खजूर आला, बीट आलं आणि कढई आली. महिन्याने रक्त वाढलं ते न वाढल्यासारखं.

त्या संध्याकाळी मानीबाईचा फोन आला.

"इहीनबाई, राग नका मानू. पोरीले आताच घेऊन येतो म्हणतो मी."

"आताच काहून? आठवा लागल्यावर नेतेत नं तुमच्याकडे."

"हो, नेतेत. पण तिले तिकडचं अन्न मानवून नाही राह्यलं."

विमलताईंना आयुष्यात बरंच काही ऐकावं लागलं होतं. अन्न मानवत नाही, हे कोणी म्हटलं नव्हतं. पहिलटकरीण आठव्यात माहेरी गेली तर ती रीत; सहाव्यात गेली तर गाव काय ते समजून घेतं. ज्या घरी पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही, त्या घरची सून खायला माहेरी नेली, असं. विमलताई म्हणाल्या, "पुढच्या तपासणीवरी थांबा. नाही वाढलं रक्त, तं मीच आणून सोडतो तिले. तुम्हाले यायचीबी गरज नाही."

"बरं," मानीबाई म्हणाली. "तपासणीले मी येतो दवाखान्यात. ऑटो घेऊनच येतो."

ऑटोचा उल्लेख नको होता, असं विमलताईंचं नंतरही मत होतं.

विमलताई सुनेला घेऊन थेट यवतमाळला गेल्या. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आहाराची एक मॅडम बसते, असं अक्षयने काढून आणलं होतं. मॅडम तरुण होती, चष्मा लावलेली. तिने बबिताला विचारलं, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, सांगा."

"सकाळी दोन पोळ्या, तूप लावून," विमलताई म्हणाल्या. "दुपारी वरण-भात, पोळी, आलूची भाजी, खजूर. रात्री पोळी, वांगे-आलू, भात. अन् दूध घालून चहा, जेव्हा लागन तेव्हा."

"काकू, ताटात काय होतं ते कळलं. पोटात काय गेलं ते हिला सांगू द्या."

बबिताने तेच सांगितलं, खजूर सोडून. खजूर ती अक्षयला देत होती.

"आणि लग्नाच्या आधी? घरी असताना?"

बबिताने सासूकडे पाहिलं. सासूने भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे पाहिलं. मग बबिता हळूहळू बोलायला लागली आणि बोलता बोलता तिचा वेग वाढला. सकाळी बाटी, म्हणजे भाकर. अंबाडीची भाजी, नाहीतर घोळ, नाहीतर तरोटा, त्या त्या दिवसात जो पाला असेल तो. जवसाची चटणी, कराळाची चटणी. कांदा. लिंबू पिळून. वावरातली बोरं. रविवारी मटण. आणि सणवार असला की सळोई.

"सळोई म्हणजे?" विमलताईंनी विचारलं. विचारायला नको होतं, हे त्यांना उत्तर ऐकल्यावर समजलं. सळोईत बोकडाचं रक्तही शिजवतात.

मॅडमने मान हलवली. "चहा कधी असायचा?"

"सकाळी उठल्यावर. जेवणावर नाही. वावरात कोण देते चहा?"

"म्हणजे गव्हाचंच वाईट," विमलताई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, पण पदर सारखा केला.

"नाही हो काकू. गव्हात आणि ज्वारीत लोहाचा म्हणाल तर फार फरक नाही. पण त्यांची सोयरिक पाहा. भाकरीसोबत पालेभाजी येते, चटणी येते, कांदा-लिंबू येतं. लिंबू लोह अंगी लावतं. पोळीसोबत आलू येतो आणि मागोमाग चहा येतो. चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळीचंही तेच. त्यात तुम्ही कॅल्शियम जोडीला दिलंत, म्हणजे दोघी एकाच दारातून आत जायला भांडतात." ती जरा हसली. "आम्ही गावोगाव हेच विचारत फिरतो. बाजार एक, रेशन एक, पाणी एक. तरी या वस्तीत लोह पुरतं, त्या वस्तीत दूध पुरतं, तिसरीकडे नुसती साखर आणि तेल. लोक म्हणतात रक्तातच फरक आहे. रक्तात नसतो, ताट लावायच्या रीतीत असतो. एखादा खजूर आणून रीत बदलत नाही."

"तांड्यातलं सगळं चांगलंच असते मंग," विमलताई म्हणाल्या.

"तसंही नाही. हिच्या बोलण्यात दूध कुठं आलं? ते तुमच्याकडे मिळालं. ते बंद करू नका."

परतीच्या एसटीत विमलताईंनी दारव्ह्याच्या फाट्यापर्यंत तिकिटाची घडी घातली आणि उलगडली. मग म्हणाल्या, "दीड वर्षात एकदा म्हणता आलं नाही तुले, भाकर कर म्हणून?"

"तुम्ही एवढ्या पातळ पोळ्या करता, आई."



दोन दिवसांनी अक्षयच्या फटफटीवर मागे बसून विमलताई तांड्यात गेल्या. सोयरिकीच्या वेळी गेल्या होत्या, त्यानंतर पहिल्यांदा. तांड्यात काय खातात ते डोळ्यांनी पाहून यायचं, असं त्यांनी नानाजींना सांगितलं होतं. मानीबाईलाही आदल्या दिवशी फोन करून कळवलं होतं. चूक तिथे झाली.

मानीबाईचं घर सिमेंटचं, सारवलेल्या अंगणाचं. अंगणात कापसाचा ढीग, वेचणीचे दिवस होते. विमलताईंना सतरंजीवर बसवून मानीबाईने ताट आणलं. ताटात पोळ्या होत्या. शेजारी आलूची भाजी, वरण, भात, तूप, आणि आर्णीहून मागवलेलं डब्यातलं श्रीखंड. पोळ्या करायला तांड्यातली एक सून बोलावली होती, कारण मानीबाईला तेवढ्या पातळ येत नाहीत. विमलताई ताटाकडे पाहत राहिल्या. आपलंच ताट आपल्या आधी निघून इथं येऊन बसल्यासारखं दिसत होतं.

त्या जेवल्या. पोळी बरी होती, कडा जरा जाड. शेवटचा घास उचलला, तेवढ्यात चहा आला.

"इहीनबाई, तुम्ही रोज हेच खाता?"

"रोज कायचं. तुम्ही आल्या म्हणून."

"मी तं रोजचं पाह्याले आलो."

"रोजचं पाहुण्याले दाखवते का कोणी?" मानीबाई म्हणाली. "उद्या तुम्ही गावात सांगान, इहिणीनं अंबाडी घातली समोर."

विमलताईंनी चहा तसाच ठेवला आणि हात धुवायला म्हणून मागच्या पडवीत गेल्या. तिथे मानीबाईचे मालक शंकरसिंग भिंतीकडे तोंड करून जेवत होते. पाहुणीला रोजचं दिसू नये म्हणून त्यांना मागे बसवलं होतं. त्यांच्या पितळीत ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, काळी चटणी आणि फोडलेला कांदा. विहीण समोर उभी पाहून त्यांनी पितळीवर टॉवेल टाकला.

"काढा तो टॉवेल, इहीभाऊ," विमलताई म्हणाल्या आणि समोर बसल्या. "मले वाढा थोडं."

शंकरसिंगांनी बायकोकडे पाहिलं. मानीबाईने कपाळाला हात लावला आणि भाकर आणायला गेली.

विमलताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. तो कसा मोडायचा हे हाताला जसंच्या तसं आठवत होतं, याचा त्यांना थोडा रागच आला. अंबाडी आंबट होती. चटणी जवसाची. त्या अर्धी भाकर खाऊन थांबतील, असं मानीबाईला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत.

"म्हणजे पोरीनं तिकडे बाटी मागतलीच नाही?" मानीबाईने विचारलं.

"नाही."

"मीच सांगतलं होतं, मागजो नको म्हणून."

"अन् मी म्हटलं, हिले भाकर दाखवाची नाही. तुमच्या तांड्याले खाली पाह्यल्यासारखं होईन म्हणून."

शंकरसिंग चावायचे थांबले.

"म्हणजे दोघीनं मिळून उपाशी ठेवलं पोरीले," मानीबाई म्हणाली.

"उपाशी कायची? गंज तूप गेलं तिच्यामांगं."

"तुपानं रक्त नाही वाढत का?"

"नाही म्हणते मॅडम."

"बापा. एवढं महाग असून?"

मग मानीबाईने खरा प्रश्न काढला. तिने तो इतका वेळ ठेवला होता, हे तिचं सौजन्य. "अन् मटणाचं काय? पोरीले रविवारी लागते ते. लहानपणापासून."

"ते आमच्या उंबरठ्याच्या आत येत नाही."

"उंबरठ्याच्या भाईर?"

विमलताईंनी चटणी बोटाने पुसून घेतली. उपदेश घेतला तेव्हा पंथाच्या बाबांनी काय काय सांगितलं होतं, ते त्यांनी शब्दन् शब्द आठवून पाहिलं. स्वतः खायचं नाही, घरात करायचं नाही. शेजारच्याच्या गोठ्यात किंवा स्वतःच्या गोठ्यात दुसरा कोणी काय करतो, त्यावर लक्ष ठेवायचं, असं कुठेच नव्हतं.

"भाईरचं मी पाह्यत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते रक्ताचं नाही, इहीनबाई. नुसतं मटण."

"नुसतं मटण," मानीबाईने मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी नानाजींच्या ताटात ज्वारीची भाकर पडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि घरात कोणी आजारी आहे का असं विचारावं की काय, याचा विचार करून ते मुकाट्याने जेवले. सकाळी भाकर आणि पालेभाजी, रात्री पोळी, असा करार झाला होता. पोळी पूर्ण बंद करणं विमलताईंच्याने झालं नाही आणि मॅडमने सांगितलंही नव्हतं. चहा जेवणापासून दूर गेला. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची रात्री, दोघींची भेट होणार नाही अशा बेताने. बबिता एकदा म्हणाली, "आई, चटणीत मिरची जरा जास्त पाह्यजे." दीड वर्षातलं तिचं हे पहिलं मागणं. विमलताईंनी मिरची घातली आणि स्वतः नाकातून पाणी येईस्तोवर खाल्ली.

रविवारी अक्षय गोठ्याशेजारी तीन विटा मांडून मटण शिजवी. वाईट शिजवी, बबिता तिथूनच सांगे. विमलताई तेवढा वेळ पुढच्या दारात तांदूळ निवडत बसत. तांदूळ आधीच निवडलेले असत. नानाजी मात्र त्या दिवशी बैलांना पाणी पाजायला वारंवार गोठ्यात जात. रविवारी बैल फार पाणी पितात, हे त्यांनी शेजाऱ्यालाही सांगितलं.

तपासणीच्या दिवशी मानीबाई आर्णीच्या दवाखान्यात आधीच येऊन बसली होती. ऑटो बाहेर उभा होता आणि त्यात एक रिकामी पिशवी होती, बबिताचे कपडे भरायला. विमलताईंनी पिशवी पाहिली. आज रक्त वाढलं नसेल तर काय बोलायचं आणि वाढलं असेल तर काय बोलायचं, ही दोन्ही वाक्यं त्यांनी एसटीत तयार केली होती. दुसरं वाक्य मोठं होतं.

रक्त साडेदहा निघालं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या लागू पडल्या. असंच चालू द्या." गोळ्या की लिंबू, भाकर की रविवार, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि विमलताईंनी सांगितलं नाही. श्रेय वाटून घ्यायला दावेदार फार होते.

बाहेर ओट्यावर मानीबाई म्हणाली, "बरं झालं, इहीनबाई. माह्यंच चुकलं. राहू द्या तिले आठव्यावरी. तुमच्याकडे चांगलं चालून राह्यलं."

विमलताईंनी मोठं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं, तेवढ्यात बबिता म्हणाली, "मी जातो याडीसंग. आठ दिवस."

दोघी तिच्याकडे पाहायला लागल्या.

"काहून?" विमलताईंनी विचारलं. "आता काय कमी आहे?"

"काही कमी नाही, आई."

"मिरची कमी आहे का?"

"नाही."

"मंग?"

बबिताने पायाने जमिनीवरचा खडा सरकवला. "याडी तिकडे आहे नं," ती म्हणाली.

विमलताईंनी महिनाभर पालेभाज्यांचे, गोळ्यांच्या वेळांचे, चहाचे सगळे हिशेब पुरे केले होते. या उत्तराला त्यात जागा नव्हती. अन्न मानवत नाही म्हणून पोर चालली असती, तर त्या भांडल्या असत्या. अन्न मानवलं होतं. मानीबाईलाही हे अपेक्षित नव्हतं. ती पदराने चेहरा पुसू लागली, ऊन नसताना.

"कपडे?" विमलताई म्हणाल्या.

"तिकडे आहेत जुने."

विमलताईंनी आपल्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून मानीबाईच्या हातात दिली. "ही दुपारी लिंबूपाण्यासंग. ही रात्री. अन् दूध पाजा तिले, तुमच्यात देत नाहीत. देत नाहीत म्हणजे, मॅडम म्हणत होती."

"पाजतो."

ऑटो गेला. विमलताई एकट्याच एसटीने परत आल्या. नानाजी ओसरीवर बसले होते.

"रक्त वाढलं म्हणे. अक्षयचा फोन आलता."

"वाढलं."

"मंग नेली काहून तिले?"

"नेली नाही. गेली."

नानाजींनी दोन्ही शब्द मनात घोळवून पाहिले आणि सोडून दिले.

संध्याकाळी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. साखर तिच्या घरी होती. "सातव्यातच धाडली वाटते सून माहेरी," ती म्हणाली. "खाण्यापिण्याचं काही झालं काय, विमलबाई?"

"खाण्याचं नाही व. आईची आठवण आली तिले."

शेजारणीने "असं का" म्हटलं आणि तिचा विश्वास बसला नाही, हे लपवलं नाही. एरवी विमलताईंनी तिला साडेदहाचा आकडा ऐकवल्याशिवाय जाऊ दिलं नसतं. आज त्यांनी वाटी भरून दिली, आणि दार लोटून घेतलं.